कीफ्रेम लावले की फोटो हिसके का देतो? (दशावताराची फिल्म, रिझॉल्व्ह आणि मी)

माडाखालचो | शनिवार, रात्री ९:१२

मंडळी, व्हिडिओ एडिटिंगवाल्यांनी जरा इकडे लक्ष द्या.

आमच्या वाडीतल्या दशावतारी मंडळींवर वीसेक मिनिटांची फिल्म करतोय. जत्रांच्या हंगामात मोबाइलवर रात्रीचे प्रयोग घेतलेत. शिवाय एका जुन्या कलावंताच्या घरून बरेच कृष्णधवल फोटो मिळालेत. लुगडं नेसलेले स्त्रीपार्टी, पेटाऱ्याची पूजा, बाकड्यावर बसलेला राजा, कोपऱ्यात पायपेटी, असं सगळं आहे. सॉफ्टवेअर दाविंची रिझॉल्व्ह, मोफतवालं, विंडोजवर. कट मारणं, क्लिपा मागेपुढे करणं जमतं. अडलंय ते कीफ्रेमवर.

एका ग्रुप फोटोत कॅमेरा आधी राजाच्या तोंडावर, तिथून राणीवर आणि मग पखवाजवाल्यावर न्यायचाय. त्यासाठी दर सेकंदाला एक अशी ती शंकरपाळी ठोकत गेलो (त्या चिन्हाला दुसरं काय म्हणणार, शंकरपाळीच दिसते ती). प्ले केलं की फोटो सरळ जातच नाही. मधेच थबकतो, मग पळतो, मग पुन्हा थबकतो. कुठेतरी वाचलं म्हणून सगळ्यांना 'ईज इन अँड आउट' केलं, तर आणखीच बिघडलं.

दुसऱ्या एका फोटोची सुरुवात थोडी कापली, तर त्याची हालचाल अर्ध्यातूनच सुरू व्हायला लागली. आणि निवेदन सुरू झालं की मागची पेटी-पखवाज खाली घ्यायची असते, तेही कीफ्रेमनेच करतात म्हणे. माझं कधी आधीच खाली जातं, कधी निवेदकाचे दोन शब्द गिळून मग जातं.

यूट्यूबवर शिकवणारे एवढ्या झपाट्याने बोलतात की माका काय ता कळनाच नाय. कोणी सावकाश, मराठीत सांगेल काय?

आगाऊ | शनिवार, रात्री ९:३०

शंकरपाळी बरी आठवली ऐन रात्री. मी पण बसलोय पाट टाकून. भाच्याच्या मुंजीचा व्हिडिओ माझ्या गळ्यात पडलाय.

संकलक | शनिवार, रात्री ११:०५

माडाखालचो, तुमच्या तक्रारींचं मूळ एकच. तुम्ही कीफ्रेम फार लावताय आणि फार लवकर लावताय.

कीफ्रेम म्हणजे सॉफ्टवेअरला सांगितलेलं असतं की अमुक फ्रेमला झूम एवढा हवा, पोझिशन एवढी हवी. दोन कीफ्रेमच्या मधलं सगळं ते स्वतः हिशोबाने भरतं, आणि ते काम त्याला तुमच्या-माझ्या हातापेक्षा बरं जमतं. मधे मधे तुम्ही आकडे कोंबत गेलात की त्याचं गणित संपतं आणि तुमच्या हाताची थरथर पडद्यावर दिसायला लागते.

ग्रुप फोटोत काय होतंय ते आकड्यांत बघा. समजा पहिल्या सेकंदात पोझिशन एक्स ० वरून ४० वर गेली, दुसऱ्या सेकंदात ४० वरून १३० वर, तिसऱ्यात १३० वरून १५० वर. म्हणजे वेग सेकंदाला ४० पिक्सेल, मग ९०, मग २०. प्रत्येक शंकरपाळीवर वेग एकदम बदलतो आणि डोळ्याला तो हिसका म्हणून जाणवतो. आता त्या सगळ्यांना ईज इन अँड आउट दिलं की काय होणार? ईज म्हणजे कीफ्रेमपाशी येताना हळूहळू थांबायचं आणि निघताना हळूहळू वेग धरायचा. दर सेकंदाला कीफ्रेम म्हणजे दर सेकंदाला थांबा. फोटो तुम्ही सांगितलं तेच करतोय बिचारा.

म्हणून मधले सगळे पुसा. तुम्हाला चारच लागतात. राजावरून निघतानाचा एक, राणीवर पोचल्याचा एक, राणीवरून निघतानाचा एक (याचे आकडे आधीच्यासारखेच, म्हणून तेवढा वेळ फोटो स्थिर राहतो) आणि पखवाजवाल्यावर पोचल्याचा एक. या चौघांना ईज द्या, आता ते शोभून दिसेल. क्लिपवर कीफ्रेम असले की टाइमलाइनवर तिच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात दोन बारीक चिन्हं येतात, एक शंकरपाळीचं आणि एक वळणदार रेघेचं (त्याने कर्व्ह एडिटर, म्हणजे हालचालीचा आलेख उघडतो). शंकरपाळीवर टिचकी मारली की खाली पट्टी उघडते. तिथे कीफ्रेमवर राइट क्लिक केलं की लिनिअर (म्हणजे एकसारख्या वेगाने), ईज इन वगैरे पर्याय मिळतात. २० व्या आवृत्तीपासून कीफ्रेमचं पॅनल नव्याने आलंय, तुमच्याकडे ते असेल तर त्यात हे काम जास्त सुटसुटीत होतं.

आता एक खोच, आणि तुमचे निम्मे हिसके बहुतेक यातलेच असणार. आधी लावलेला कीफ्रेम बदलायचा असेल तर प्लेहेड (टाइमलाइनवरची ती सरकती उभी रेघ) नेमका त्याच फ्रेमवर हवा. एक फ्रेम जरी पुढे असला आणि तुम्ही आकडा बदललात, तर जुना तसाच राहतो आणि त्याच्या शेजारी नवा उगवतो. मग एका फ्रेममध्ये फोटो टुणकन उडी मारतो आणि टाइमलाइन लहान करून बघत असाल तर दोन शंकरपाळ्या एकीवर एक बसल्यामुळे एकच दिसते. म्हणून माउसने अंदाजपंचे प्लेहेड नेऊ नका. इन्स्पेक्टरमध्ये (क्लिपचे झूम-पोझिशनचे आकडे असतात ते पॅनल) शंकरपाळीच्या दोन्ही बाजूंना बारीक बाण असतात, त्यांनीच एका कीफ्रेमवरून दुसऱ्यावर जा. शंकरपाळी रंगलेली दिसली तरच आकड्याला हात लावायचा.

कापलेल्या फोटोचं. कीफ्रेम क्लिपला चिकटलेले असतात, टाइमलाइनला नाही. तुम्ही क्लिपचं टोक आत ओढलंत, तेव्हा पहिला कीफ्रेम कापलेल्या भागात गेला. नाहीसा झाला नाही, झाकला गेला. टोक पुन्हा बाहेर ओढा, तिथेच बसलेला सापडेल. यावरूनच कामाचा क्रम ठरतो. आधी निवेदन टाइमलाइनवर टाका, त्याच्या हिशोबाने फोटो कापून बसवा, कुठली क्लिप संथ किंवा जलद करायची असेल ती करा. लांबी पक्की झाली की मगच कीफ्रेमला हात. एखाद्या प्रोजेक्टला क्लायंट 'फक्त दोन सेकंद कमी करा' म्हणतो तेव्हा हा क्रम न पाळणारे रात्रभर बसतात.

आणि ज्या फोटोवर नुसतं सावकाश आत किंवा बाहेर जायचंय, तिथे कीफ्रेम नकोच. इन्स्पेक्टरमध्ये डायनॅमिक झूम चालू करा, व्ह्यूअरच्या खालच्या डाव्या यादीतूनही तोच निवडा. हिरवी चौकट म्हणजे सुरुवात, लाल म्हणजे शेवट. क्लिप लांब-आखूड केली तरी हालचाल आपोआप ताणली-आक्रसली जाते. बाहेर येण्याऐवजी आत जायचं असेल तर चौकटींची अदलाबदल करायचं बटणही तिथेच आहे.

शेवटचं, न विचारलेलं. सगळे फोटो हलवू नका. लुगड्यातला तो माणूस कॅमेऱ्याकडे रोखून बघत असेल, तर त्याला तसाच सहा सेकंद बघू द्या.

आवाजाचं उद्या लिहितो.

लिनक्सवाला | शनिवार, रात्री ११:४०

उत्तम प्रतिसाद. फक्त नोंद म्हणून, हे सगळं केडेनलाइव्हमध्येही होतं. मुक्त स्रोत, आठ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर प्रॉक्सी (क्लिपांच्या हलक्या प्रती) लावून व्यवस्थित चालतं. ट्रान्सफॉर्म इफेक्ट टाकायचा, मॉनिटरमध्ये चौकट ओढायची, खालच्या पट्टीवर कीफ्रेम. तिथे लिनिअर, डिस्क्रीट आणि स्मूथ असे प्रकार मिळतात. डिस्क्रीट म्हणजे पुढचा कीफ्रेम येईपर्यंत आकडा हलत नाही, मग एकदम बदलतो. स्मूथ दिलंत आणि संकलकांनी सांगितलेली ती दोन सारख्या आकड्यांची युक्ती वापरलीत, तर मधल्या थांब्यात चित्र किंचित डुलतं, कारण वक्र आजूबाजूच्या कीफ्रेमचाही विचार करतो. थांब्याच्या पहिल्या कीफ्रेमला लिनिअर करायचं, डुलणं बंद.

आगाऊ | शनिवार, रात्री ११:५२

आले. कुठल्याही धाग्यावर पन्नास प्रतिसादांच्या आत लिनक्स येतंच, इथे तर तिसऱ्यातच आलं.

लिनक्सवाला | रविवार, रात्री १२:०४

मुंज लिनक्सवर होत नाही, काळजी नसावी.

संकलक | रविवार, सकाळी ८:१०

लिनक्सवाल्यांचा मुद्दा बरोबर आहे, भांडू नका. हा डुलण्याचा प्रकार आफ्टर इफेक्ट्समध्येही आहे. तिथे पोझिशनला मुळातच गोलाईचा मार्ग मिळतो. थांबलेली वस्तू थोडी मागे जाऊन परत येते आणि नवीन मुलं संगणकालाच शिव्या घालतात. प्रेफरन्सेसमध्ये पोझिशनचा मार्ग डीफॉल्ट लिनिअर करायचा पर्याय आहे, मी नवीन मशीनवर पहिल्यांदा तेच करतो. आणि ज्यांना रिझॉल्व्ह लिनक्सवर चालवायचंय त्यांनी लक्षात ठेवा, तिथे मोफत आवृत्ती मोबाइलचे एच.२६४ व्हिडिओ उघडत नाही. विंडोजवर ती अडचण नाही.

प्रीमियरवाल्यांसाठीही एक. तिथे शंकरपाळीच्या आधी स्टॉपवॉच येतं. ते चालू केलं की कीफ्रेम सुरू होतात. ते पुन्हा दाबलं की 'थांबा' असं होत नाही, त्या ओळीतले सगळे कीफ्रेम उडतात. सॉफ्टवेअर आधी विचारतं, पण घाईत ओके कोण वाचतं.

मधली_रेघ | रविवार, सकाळी १०:२५

हा धागा वाचून अंधेरीचे दिवस आठवले. नव्वदच्या दशकात मी एका टूडी स्टुडिओत इनबिट्वीनर होते. परदेशी मालिकांचं काम यायचं. मुख्य अ‍ॅनिमेटरने काढलेली चित्रं म्हणजे कीज, आणि दोन कीजच्या मधली चित्रं आम्ही मुली लाइटबॉक्सवर कागदावर कागद ठेवून काढायचो. आज सॉफ्टवेअर जे आपोआप भरतं ना, ती आमची नोकरी होती.

माडाखालचो, तुम्हाला ईज समजायला एक गोष्ट मदत करेल. की चित्राच्या कडेला अ‍ॅनिमेटर एक उभी रेघ काढायचा आणि तिच्यावर आडव्या खुणा. वरची खूण म्हणजे पहिलं चित्र, खालची म्हणजे शेवटचं. मधल्या खुणा कुठे आहेत त्यावरून कळायचं की आपलं चित्र दोघांच्या बरोबर मधे काढायचं की एकाच्या जवळ. सगळ्या खुणा सारख्या अंतरावर असल्या तर तो झाला तुमचा लिनिअर. दोन्ही टोकांना खुणा दाटीवाटीने आणि मधे विरळ असल्या तर हात हळू निघून, मधे वेग घेऊन, हळू थांबतो. खुणा जवळ म्हणजे चित्रात फरक कमी, म्हणजे हालचाल संथ. कर्व्ह एडिटरमधला वक्र आडवा पडत जातो तिथेही हेच चाललेलं असतं, फक्त खुणांऐवजी रेघेचा चढ बघायचा. चढ जास्त तिथे वेग जास्त.

आमचे एक सर म्हणायचे की मुंबईत हे सगळं शिस्तीत सुरू झालं ते फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात. १९५६ साली डिस्नेमधले क्लेअर वीक्स तिथे शिकवायला आले होते आणि राम मोहन त्याच विभागात घडले. आम्ही त्यांच्या पुढच्या पिढीची शिकाऊ मंडळी. डोप शीट हा शब्द सॉफ्टवेअरमध्ये दिसला की मला अजून हसू येतं. आमच्याकडे तो लांबलचक छापील तक्ता असायचा, फ्रेमच्या ओळी आणि थरांचे रकाने. चहा सांडला की ओरडा.

न्यूजर्सीकर | रविवार, सकाळी १०:५८

मधली_रेघताई, फार सुंदर लिहिलंत. तुमची नोकरी खाणाऱ्यांची नावंही सांगून टाकतो. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमधल्या नेस्टर बर्टनिक आणि मार्सेली वाइन या दोघांनी १९७० च्या आसपास संगणकाकडून मधली चित्रं भरून घ्यायची पद्धत बसवली. त्याबद्दल १९९७ मध्ये त्यांना ऑस्करवाल्यांचा तांत्रिक पुरस्कारही मिळाला. आज मोबाइलवर रील करणारं पोरगं त्यांचंच काम वापरतंय.

झूमबद्दल एक बारीक गणित, संकलकांनी सांगितलं नाही म्हणून. १ वरून २ पर्यंत लिनिअर झूम दिला की सुरुवातीला चित्र झपकन मोठं होतं आणि शेवटी रेंगाळल्यासारखं वाटतं. आकडा समान वेगाने वाढतोय, पण डोळा प्रमाण बघतो. १ चं १.१ झालं म्हणजे दहा टक्के वाढ, १.९ चं २ झालं म्हणजे जेमतेम सव्वापाच टक्के. छोट्या झूममध्ये, म्हणजे १.२ चं १.३ वगैरे, हे कळतही नाही. मोठा झूम असेल तर मात्र कर्व्ह एडिटर उघडून रेघ सुरुवातीला थोडी सपाट करा, म्हणजे वेग शेवटाकडे वाढत जाईल. आफ्टर इफेक्ट्समध्ये यासाठी एक्सपोनेन्शियल स्केल नावाची तयार सोय आहे.

आणखी एक. चेहऱ्यावर आत जाताना झूम आणि पोझिशन दोन्हींना कीफ्रेम लावले आणि दोघांचे ईज वेगवेगळे राहिले, तर चेहरा वाटेत भरकटतो. आधी बाजूला जातो, मग जागेवर येतो. त्यापेक्षा अँकर पॉइंट (ज्या बिंदूभोवती झूम होतो तो) चेहऱ्यावर नेऊन ठेवा आणि फक्त झूमला दोन कीफ्रेम द्या.

माडाखालचो | रविवार, दुपारी ४:४५

देव बरां करो तुमचां सगळ्यांचां! मधले कीफ्रेम उडवले, चार ठेवले. फोटो आता कसा लोण्यासारखा... नको, आगाऊ पुन्हा खाण्यावरून बोलतील. सरळ जातो. राणीच्या थांब्यापाशी खरंच दोन शंकरपाळ्या एकमेकींना चिकटून बसल्या होत्या, टाइमलाइन मोठी करून बघितली तेव्हा दिसल्या.

आता पुढचं गाऱ्हाणं. आत गेलं की फोटो फुटतो. शिवाय काही फोटो उभे आहेत, संकासुराचा एक तर पायापासून डोक्यापर्यंत पूर्ण आहे. त्यांच्या दोन्ही बाजूंना काळं राहतं. आणि 'धयकालो' हे शीर्षक एकेक अक्षराने उमटवायला गेलो तर काना-मात्रा वेगळ्याच उड्या मारतात.

संकलक | रविवार, सायंकाळी ७:२०

स्कॅन किती डीपीआयने केलेत? पोस्टकार्ड आकाराचा फोटो, सहा इंच बाय चार, ३०० ने स्कॅन केला तर १८०० बाय १२०० पिक्सेल मिळतात. तुमची टाइमलाइन १९२० बाय १०८०. रिझॉल्व्ह आधी फोटो पडद्यात पूर्ण मावेल असा बसवतं आणि त्याला झूम १ म्हणतं. आडवा फोटो पूर्ण रुंदी भरायलाच जवळपास १.१९ झूम लागतो आणि तुमच्याकडचे खरे पिक्सेल १.११ लाच संपतात. म्हणजे आत जायच्या आधीच तुम्ही फुटण्याच्या हद्दीत आहात. तोच फोटो ६०० ने स्कॅन करा. ३६०० बाय २४०० मिळतील आणि २.२ पर्यंत बिनधास्त आत जाता येईल. ज्यातल्या चेहऱ्यांवर जायचंय तेवढेच पुन्हा स्कॅन करा, सगळे करत बसू नका. ज्यांच्याकडून फोटो घेतलेत ते देणार असतील तर निगेटिव्हही मागून बघा.

संकासूर. उभा फोटो ६०० ने २४०० बाय ३६०० होईल. टाइमलाइनची रुंदी भरायला झूम २.६७ द्या, तो तुमच्या खऱ्या पिक्सेलच्या आतच आहे. आता उंची पडद्याच्या वर-खाली ९००-९०० पिक्सेल बाहेर जाते. पोझिशन वाय +९०० ठेवलं की पाय दिसतात, −९०० ठेवलं की डोकं. दोन कीफ्रेम, मधे आठ सेकंद. तीसच्या फ्रेम रेटला २४० फ्रेम होतात, म्हणजे फ्रेममागे सरासरी साडेसात पिक्सेल. दशावतारात संकासूर येतो तेव्हा प्रेक्षक आधी काय बघतो ते तुम्हाला माहीत, त्यावरून पायाकडून वर जायचं की डोक्याकडून खाली ते ठरवा. दोन्ही टोकांना सेकंदभर स्थिर ठेवायला विसरू नका.

फार संथ हालचालीतही एक अडचण येते. दहा सेकंदांत ६० पिक्सेल सरकवलं तर फ्रेममागे ०.२ पिक्सेल येतात आणि लुगड्याच्या काठासारख्या बारीक रेघा लुकलुकतात. अशा वेळी थोडा वेग वाढवा किंवा अगदी हलका ब्लर द्या.

अक्षरांचं माझ्यापेक्षा खिळेजोड सांगतील. कुठे आहेत?

खिळेजोड | रविवार, रात्री ९:०२

हजर.

टाइपरायटरसारखं एकेक अक्षर उमटवणारे जे तयार इफेक्ट असतात, ते रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून केलेले असतात. त्यातले बरेच मराठी शब्दाचे तुकडे अक्षराने न करता साठवलेल्या चिन्हांनी करतात. 'निर्मिती' घ्या. आधी 'न' उमटतो. मग ऱ्हस्व वेलांटी येते, ती साठवलेली असते 'न'च्या नंतर पण दिसते त्याच्या आधी, म्हणून 'न' बिचारा उजवीकडे ढकलला जातो. मग 'र', मग पायमोडका 'र्', मग 'म' आला की तो 'र' टुणकन उडून डोक्यावर रफार होऊन बसतो, आणि वर पुन्हा वेलांटी येऊन सगळं सरकवते. एका शब्दात चार वेळा पाडकाम. अक्षरांमधलं अंतर वाढवायचं कीफ्रेम लावाल तर शिरोरेषा तुटून प्रत्येक अक्षराची वेगळी टोपी होते. लग्नाच्या व्हिडिओंत ही टोप्यांची रांग सर्रास दिसते आणि वधूवरांची नावंच असतात ती.

अक्षरांना हात लावू नका. पूर्ण शीर्षक जागेवर ठेवा आणि त्याच्यावरचा पडदा सरकवा. रिझॉल्व्हमध्ये टेक्स्ट क्लिप निवडली की इन्स्पेक्टरच्या सेटिंग्ज टॅबमध्ये क्रॉपिंग आहे. क्रॉप राइट १९२० वर नेऊन पहिला कीफ्रेम, पुढे पंचवीसेक फ्रेमनंतर ० वर दुसरा. सॉफ्टनेस थोडा वाढवा, म्हणजे कड कात्रीने कापल्यासारखी दिसणार नाही. शब्द डावीकडून उजवीकडे लिहिल्यासारखा उलगडतो आणि काना-मात्रा जागच्या हलत नाहीत. शीर्षकाच्या दोन ओळी असतील तर दोन वेगळ्या क्लिप करा, नाहीतर दोन्ही एकदम उलगडतील.

प्रीमियरमध्ये मुळात जोडाक्षरंच फुटत असतील तर प्रेफरन्सेसमधल्या ग्राफिक्समध्ये जाऊन टेक्स्ट इंजिन दक्षिण आशियाई करा. युनिकोड फॉन्टच घ्या. जुन्या डीटीपीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर आणून चिकटवलात तर कुठलंच कीफ्रेम वाचवणार नाही.

आगाऊ | रविवार, रात्री ९:१५

खिळेजोडकाका, मुंजीच्या व्हिडिओत 'चि. श्रीवर्धन' टोप्या घालून नाचत होता. क्रॉपने वाचवलंत.

समेवर | रविवार, रात्री १०:३०

आवाजाबद्दल मी थोडं लिहू का? पखवाज वाजवतो आणि हौशी रेकॉर्डिंग करतो.

निवेदनाखाली संगीत उतरवायला प्रत्येक ठिकाणी चार कीफ्रेम. ऑडिओ क्लिपवर जी आडवी रेघ असते तिच्यावर ऑल्ट दाबून टिचकी मारली की कीफ्रेम लागतो. दोन उतरणीचे, दोन चढणीचे. मधले दोन खाली ओढायचे. बहुतेक जण उतरण निवेदनाच्या पहिल्या शब्दावर सुरू करतात, तिथेच ते शब्द गिळले जातात. संगीत शब्दाच्या आधी पूर्ण उतरलेलं हवं. उतरण अर्ध्या सेकंदाची, म्हणजे १५ फ्रेम, चालते. चढण मात्र लांब घ्या, दीड-दोन सेकंद, नाहीतर पेटी अंगावर येते. किती उतरवायचं ते रेकॉर्डिंगवर आहे, मी १२ ते १५ डेसिबलपासून सुरू करतो. पखवाजाची थाप आणि झांज निवेदनातून वर येतातच, म्हणून त्यांचा वेगळा ट्रॅक असेल तर तो आणखी खाली.

आणि ही माझी अडून बसण्याची जागा आहे. उतरण कुठेही सुरू करू नका. प्ले करत ऐका आणि प्रत्येक समेला (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेला) एम दाबत जा, टाइमलाइनवर मार्कर पडतील. निवेदनाच्या आधीची जी सम असेल तिच्यापासून उतरायला लागा. आवर्तनाच्या मधे आवाज खाली गेला की ऐकणाऱ्याला ताल अडखळल्यासारखा वाटतो. तालाचं ज्ञान नसलेल्यालाही वाटतो, फक्त त्याला कारण सांगता येत नाही. त्यासाठी निवेदन दोन-चार फ्रेम पुढे सरकवावं लागलं तर सरकवा. निवेदक तक्रार करत नाही.

संकलक | रविवार, रात्री १०:५०

समेवर यांनी माझं काम केलं, आणि सम पकडण्याचं मला सुचलंही नसतं. लांबलचक निवेदन असेल तर फेअरलाइट पेजवर (रिझॉल्व्हमधलं आवाजाचं पान) संगीताच्या ट्रॅकला कंप्रेसर लावून त्याला निवेदनाच्या ट्रॅकवरून साइडचेन देता येतं, मग ते आपोआप दबतं. पण वीस मिनिटांच्या फिल्मला हातानेच करा. यंत्राला सम कळत नाही.

सह्याद्रीतली | सोमवार, सकाळी ७:५५

मी फक्त मोबाइलवर व्हीएन वापरते. हे सगळं तिथे लागू होतं का? ट्रेकचे व्हिडिओ असतात, मोठं काही नाही.

मधली_रेघ | सोमवार, सकाळी ९:३०

होतं. क्लिप निवडली की शंकरपाळीचं बटण तिथेही असतं. प्लेहेड हवा तिथे आणायचा, ते दाबायचं, पुढे जाऊन चित्र बोटांनी मोठं करायचं. पण बोटाने प्लेहेड नेमक्या फ्रेमवर आणणं कठीण, म्हणून टाइमलाइन आधी दोन बोटांनी पुरेशी ताणून घ्या. नाहीतर संकलकांनी सांगितलेले ते जुळे कीफ्रेम होतातच. तुमच्या ट्रेकच्या क्लिपा मुळात हलत्याच असतील, त्यांना वरून आणखी हलवू नका.

माडाखालचो | सोमवार, रात्री ८:४०

संकासूर झाला. पायाकडून वर नेला, पोरां बघताना गप्प बसली. 'धयकालो' क्रॉपने छान उलगडतंय.

आता हे एक सांगा. रात्रीच्या प्रयोगाचा आवाज मी वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला होता. सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळवले तर पंधरा-वीस मिनिटांनी राजा आधी बोलतो आणि आवाज नंतर येतो. यालाही आवाजाच्या क्लिपवर कीफ्रेम लावून ओढत ओढत जुळवायचं का?

संकलक | सोमवार, रात्री ९:२५

अजिबात नको. हे कीफ्रेमचं काम नाही. मोबाइल ठरावीक फ्रेम रेटने रेकॉर्ड करत नाही, त्यात रात्रीचा उजेड कमी. अंधार वाढला की काही फोन फ्रेम रेट आपणहून कमी करतात. रेकॉर्डर मात्र आपल्या गतीने चालत राहतो. एडिटिंगच्या आधी मोबाइलच्या फायली हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमधून काढा, फ्रेम रेट ३० आणि त्याखाली 'कॉन्स्टंट' निवडा, आणि त्या नव्या फायली रिझॉल्व्हमध्ये घ्या. त्यानंतरही राहिलाच फरक, तर प्रयोग प्रवेशाप्रवेशाने कापा आणि प्रत्येक तुकडा वेगळा जुळवा. झांजेचा पहिला ठोका दोन्हीकडे दिसतो, तोच धरा.

नवा प्रोजेक्ट उघडाल तेव्हा सेटिंग्जमध्ये टाइमलाइन फ्रेम रेट आधी बघा. रिझॉल्व्ह स्वतःहून २४ घेतं आणि टाइमलाइन तयार झाली की तो आकडा बदलू देत नाही. आत्ताचा प्रोजेक्ट २४ चा निघाला तर आज रात्री तरी सांगू नका.

माडाखालचो | सोमवार, रात्री ९:४१

२४ चाच आसा.

संकलक | सोमवार, रात्री ९:४८

मग ऐका. त्याच प्रोजेक्टमध्ये नवी टाइमलाइन करा. करताना 'प्रोजेक्ट सेटिंग्ज वापरा' ही खूण काढा, फॉरमॅट टॅबमध्ये ३० द्या. जुन्या टाइमलाइनवरचं सगळं निवडून, कॉपी करून तिथे पेस्ट करा. फोटोंना फरक पडत नाही, पण कीफ्रेम आणि कट एखाद-दुसऱ्या फ्रेमने सरकलेले सापडतील, ते बाणांनी एकेक तपासून घ्या. जुनी टाइमलाइन पुसू नका.

आणि पुढच्या जत्रेला फोनवर २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवता आलं तर बघा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, हॅलोजनखाली ३० ने घेतलं की चित्रात पट्टे लुकलुकतात.